पाणी वाढलं

परवा आमच्या लातूरच्या कॉलनीत एक बाई भाषणाला आल्या होत्या. सुती साडी, गळ्यात मातीच्या मण्यांची माळ, आन खाली त्यांची गाडी लिंबाच्या सावलीत उभी, ड्रायव्हर आत झोपलेला. म्हणल्या, "आपल्या आज्या किती सुखी होत्या! गाडी नव्हती, फ्रिज नव्हता, घरात नळ नव्हता. चालायच्या, म्हणून निरोगी राहायच्या." समद्या बाया माना हलवून राहिल्या. मग कुणीतरी माझ्याकडं बोट केलं, सिंधुकाकूंनी असं आयुष्य काढलंय, त्यांनाच विचारा. बाईंनी माईक माझ्या तोंडापुढं धरला. "सांगा ना काकू, किती छान असायचं ते."

माझं डोकंच फिरलं. छान? आग लागो तुमच्या त्या छानला! मी एवढंच म्हणले, "बाई, माझ्या सासूला तुम्ही बघितलं न्हाई, म्हणून तुमचं चाललंय." आन उठून घरी आले. सुनेनं नंतर मला बोल लावला, चारचौघांत असं बोलतात का म्हणून. हाव, बोलतात. आन आता समदं सांगते, माईकवर ते मावलं नसतं.

माझी सासू चांगुणाबाई. मी तिला आत्याबाई म्हणायची. उंच, काळी, हाडापेरानं काटक, आन तोंड असं की पोलीस पाटीलसुद्धा तिच्या दारावरून जाताना चपला हातात घेऊन जायचा, असं गावात चेष्टेनं म्हणत. तिचा नवरा, म्हंजे माझा सासरा, मी बघितलाच न्हाई. माझा नवरा निवृत्ती तीन वर्षांचा असताना त्यो गेला. शेत म्हणावं तर दीड एकर माळ, त्यात दगड जास्त आन माती कमी. बाईनं एकटीनं लेक वाढवला.

आमचं गाव सावरवाडी. नांदेडच्या शिवंला लागून, इकडं लातूर, तिकडं नांदेड, मधी आमची चाळीस घरं. फाट्यापासून दीड कोस आत. बाहत्तरच्या दुष्काळात सरकारनं फाट्यापासून गावापर्यंत रस्ता काढला, तवा आत्याबाईनं त्या रस्त्याची खडी फोडली. निवृत्ती तवा दहा वर्षांचा, त्यो पाटी उचलायचा आन ही दिवसभर हातोडा मारायची. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख तवाच गेलं, परत आलंच न्हाई. आन त्या रस्त्यावर मी लग्न करून येईपर्यंत एकदासुद्धा एस.टी. आली नव्हती. रस्ता कच्चा हाय, म्हणायचे. कच्चा ठेवला कुणी? खडी फोडून घेतली, डांबर टाकायचं इसरले. कागदावर मात्र गाव रस्त्याला जोडलेलं.

तर आत्याबाई चालायची. बाजाराला पायी, दवाखान्याला पायी, माहेरी सहा कोस पायी. निरोगी म्हणे! तिच्या टाचांच्या भेगा ज्वारीचा दाणा बसंल एवढ्या रुंद होत्या. उन्हाळ्यात त्यात मेण वितळून भरायची आन दात आवळून बसायची. गुडघे असे सुजायचे की उठताना भिंतीला धरून उठायची, आन कुणी बघितलं तर भिंत सारवायची हाय म्हणायची. खोटं बोलायची लाज वाटायची न्हाई तिला, पण दुखतंय म्हणायची लाज वाटायची.

आता तिची एक खोड सांगते, कारण पुढचं समदं रामायण त्या खोडीनंच झालं.

बांगडी फुटली तर आपण फुटली म्हणत न्हाई, वाढवली म्हणतो. दिवा विझवला म्हणत न्हाई, वाढवला म्हणतो. दुकान बंद केलं म्हणत न्हाई, वाढवलं. हे समद्यांनाच मालूम हाय. पण आत्याबाई त्याच्याही पल्याड गेलेली होती. तिच्या तोंडातून कुठल्याच वस्तूला 'संपलं' न्हाई निघायचं, 'न्हाई' तर न्हाईच न्हाई, आन दिवेलागणीला तर जीव गेला तरी न्हाई. मीठ संपलं की मीठ वाढलं. पीठ वाढलं. रॉकेल वाढलं. मी नवी नवरी होते तवा एकदा ती म्हणली, "सिंधु, तेल वाढलं बघ," तर मी खुशीत भज्यांचं पीठ कालवलं. मग बुधलीत बघते तर तळाला नुसता वास. तिनं मला तवा एवढं झापलं! म्हणली, "घरात समदं वाढतच असतंय. कमी पडलं म्हणलं की घर आईकत असतंय, येडे."

मी शिकले मग. चौथी पास होते मी, पण ही भाषा तिच्यापाशी शिकले.

ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. त्याच्या आधी आम्ही उस्मानाबादेत. जिल्हा जवळ आला म्हणून गावानं पेढे वाटले, आन त्यानंतर तीन-चार वर्षांनी असा दुष्काळ पडला की आडात घागर सोडली की ती खाली दगडावर वाजायची. निवृत्ती हैदराबादला बांधकामावर गेला. गावातली निम्मी पोरं तिकडंच. पाणी होतं ते एका ठिकाणी, नदीत वाळू उकरून काढलेल्या झिऱ्यात. गावापासून पाऊण कोस. तिथं वाटीवाटीनं पाणी भरायचं. एक घागर भरायला अर्धा घंटा, आन पुढं पंधरा बाया नंबरला.

त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मला पाचवा महिना होता. झिऱ्यावरून येताना, डोक्यावर दोन घागरी, कमरेवर एक कळशी, तिथंच वाटंवर पोटात कळ आली. बाभळीखाली बसले. जे जायचं ते तिथंच गेलं. मागून घागर घेऊन येणाऱ्या आत्याबाईनं तिचं लुगडं फाडून मला गुंडाळलं. मला घरी आणून निजवलं. मग ती सरळ ग्यानोबा सुताराकडं गेली आन त्याच्या छातीवर बसून एक गाडा करून घेतला. मोडक्या तिफणीची लाकडं, तीन चाकं, वर दोन घागरी घट्ट बसतील अशी खोबण. त्याला ती गाडी म्हणायची. "आमची गाडी," असं तोऱ्यात म्हणायची, जणू मोटारच घेतलीया. वाळूत ती रुतायची, चढाला ती मागं यायची, आन कुरकुर अशी करायची की अर्ध्या गावाला कळायचं चांगुणा पाण्याला निघाली. तवापासून आत्याबाईनं मला झिऱ्याच्या वाटंवर पाय ठेवू दिला न्हाई.

आन आता या दुष्काळात मला परत दिवस गेले होते. सातवा लागला होता. चैतापासून तालुक्याहून आठवड्यात दोनदा टँकर यायचा. त्यो येतो म्हणून माझं पोट टिकून होतं, हे मला मालूम होतं आन आत्याबाईला माझ्याहून जास्त मालूम होतं.

मग त्यो कारकून आला.

नवा जिल्हा, म्हणून टंचाईची यादी नव्यानं करायची होती. जुन्या जिल्ह्याची यादी चालायची न्हाई म्हणे. जणू जिल्हा बदलला की तहानपण बदलती! पोरगा पंचवीस-सव्वीसचा, कोकणाकडचा, नुकताच नोकरीला लागलेला. सायकल ढकलत दिवेलागणीला गावात पोचला. सरपंच लग्नाला गेलेले. आडाला लागून पहिलं घर आमचं, म्हणून आमच्याच ओट्यावर टेकला. घामानं निथळत होता बिचारा. आत्याबाईनं त्याला आधी तांब्याभर पाणी दिलं. त्यानं ते गटगट पिऊन टाकलं आन कागद काढला.

मी दाराआड उभी. आमच्यात सुनंनं परक्या पुरुषापुढं बोलायचं नसतं, आन दिवस असताना तर पुढंसुद्धा यायचं नसतं.

"आजी, या आडाला पाणी आहे का?"

"वाढलं, बाबा."

"वाढलं?" त्यानं वर बघितलं. "कधी?"

"पंधरा दिस झाले. समदं वाढलं. पार तळापस्तोर."

"बरं," म्हणला, आन लिहिलं. "लांबून पाणी आणायला वाहन आहे का कुणाकडे?"

"गाडी हाय की!"

"कुणाची?"

"आमची सोत्ताची."

"नळ?"

"त्यो काय समोर." नळ होता खरा. दोन वर्षांमागं योजना आली, पाईप पुरले, तोटी बसवली, फोटो काढला. त्या तोटीतून थेंब म्हणून आला न्हाई कधी. पण नळ होता.

"च्या घे बाबा," आत्याबाई म्हणली. "पण साखर वाढली बघ."

"चालेल, मग माझ्यात कमीच टाका," त्यो म्हणला.

मी दाराआड तोंडात पदर कोंबून हसले. हसले मी! आजबी आठवलं की सोत्ताच्या थोबाडीत मारून घ्यावं वाटतं. मला कळलं होतं, त्याला उलटं समजलं म्हणून. साखरंचं कळलं होतं, तर पाण्याचं का कळू नये मला? पण मी सून होते, दाराआड होते, आन मला मजा वाटली होती. आत्याबाईनं गुळाचा च्या दिला, त्यो प्याला, कागदावर तिचा अंगठा घेतला. नख नसलेला त्योच डावा अंगठा. आन गेला सायकल ढकलत.

पुढच्या सोमवारी टँकर आला न्हाई. गुरुवारी न्हाई. त्याच्या पुढच्या सोमवारी सरपंच तालुक्याला जाऊन आले आन फाट्यापासून शिव्या देत थेट आमच्या दारात उभे राहिले. सरपंच म्हंजे नरसिंग पाटील. माणूस वाईट नव्हता, पण आवाज मोठा.

"चांगुणे, तू काय लिहून दिलं गं?"

"मी? काय?"

"गावात पाणी वाढलंय! गाडीची सोय हाय! नळ हाय! खाली तुझा अंगठा! टँकर बंद केला त्यांनी."

आत्याबाई तिथंच खाली बसली. मी पहिल्यांदा तिला भिंत न धरता बसलेलं बघितलं. मग गाव जमा झालं. बाया बोलल्या, गडी बोलले. कुणी म्हणलं, म्हातारीचं डोकं फिरलं. कुणी म्हणलं, एका बाईच्या जिभंनं चाळीस घरं तहानली. झिऱ्यावर तिला नंबर लावू देईनात, मागं मागं ढकलायच्या. ज्या बायांची बाळंतपणं तिनं केली त्याच बाया! माझ्या जिवाचा असा संताप व्हायचा, पण कुणावर काढायचा? मीपण त्या दाराआड होते की.

दुसऱ्या दिवसापासून आत्याबाईनं एक नेम धरला. पहाटं उठायची, गाडी घेऊन झिऱ्यावर जायची, दोन घागरी आणून मला लावून द्यायची, "हे प्यायचं, आन उठायचं न्हाई," असं दटावायची, आन मग तालुक्याला निघायची. चार कोस. तालुक्याचं नाव मी घेत न्हाई, तिथं अजून माझी माणसं हायती. फाट्यावर एस.टी. थांबायची न्हाई, भरून आलेली असायची. ड्रायव्हर हात हलवून पुढं जायचा. आत्याबाईपण मग हात हलवायची, पण कशी, ते इथं लिहिता येत न्हाई.

पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर. चार कोस जायचं, चार कोस यायचं, आन मधी एक शिपाई म्हणतो, साहेब दौऱ्यावर हायेत. दुसऱ्यांदा गेली तर त्योच कारकून टेबलावर. त्यानं तिला ओळखलं, खुर्ची दिली, कागद काढून वाचून दाखवला. आत्याबाई म्हणली, "बाबा, वाढलं म्हंजे संपलं." त्याला वाटलं म्हातारी आता शब्दावरून फिरून राहिली. "आजी, वाढलं म्हणजे संपलं कसं असेल?" शेजारच्या टेबलावरचे हसले. एकजण तर म्हणला, "मग आजी, आमचा पगार वाढला तर काय समजायचं?" सगळी कचेरी खो खो.

घरी येऊन तिनं मला हे सांगितलं. मी तिचे पाय बघितले. उजव्या टाचंतून रक्त येऊन चपलंला चिकटलं होतं. मी म्हणले, "आत्याबाई, मी झिऱ्यावर जाते, तुम्ही कचेरीचं सोडा."

तिनं माझ्याकडं असं बघितलं! "गेलीस तर तंगडं मोडीन," म्हणली. "एकदा गेलं माझं त्या वाटंवर. परत न्हाई जाऊ देणार."

एकदा गेलं माझं, असं म्हणली. माझं म्हणली.

तिसऱ्यांदा ती कचेरीच्या दारातच बसली. शिपायानं उठवलं, उठली न्हाई. त्या पगारवाल्यानं परत काहीतरी काढलं. मग आत्याबाईनं जे तोंड सोडलं! "अरं तुमच्या घरी माठ भरून देती ना बायको? तिला इचार वाढलं म्हंजे काय! तुझ्या आयनं बांगडी वाढवली म्हंजे काय केलं, त्ये इचार! मराठी बोलून राहिले मी, का इंग्रजी? कागदं वाचता येत्यात तुमाला, माणसं वाचता येत न्हाईत!" एवढा कल्ला झाला की नायब तहसीलदार आतून बाहेर आले. जाडसर, चष्मेवाले. काय गोंधळ आहे, विचारलं. कारकुनानं सांगितलं. साहेबांनी घड्याळ बघितलं आन म्हणले, "ठीक आहे, येतो मी पाहणीला. शुक्रवारी."

शुक्रवारी जीप आली. बाहत्तरची खडी, त्यात नुसते खड्डे, वर वैशाखाचं ऊन. आडापाशी येऊन उभी राहिली तवा तिच्या तोंडातून वाफ निघत होती. ड्रायव्हर गुरुपादप्पा उतरला, टोपण उघडायला गेला आन हात भाजून मागं सरला. "साहेब, पाणी पायजे. न्हाईतर गाडी हलत न्हाई."

साहेब आडात वाकून बघत होते. आडाच्या तळाला दगड आन एक मेलेला कावळा. सरपंच पुढं आले, हात जोडून. साहेबांना खूश करायची ही वेळ, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं. "पाणी ना? देतो की साहेब, आत्ता देतो!" आन सरळ आमच्या ओट्यावर चढले. तिथं सकाळची एक घागर भरलेली होती. एक मी संपवली होती. सरपंचांनी घागरीला हात घातला.

आत्याबाई चुलीपाशी होती. तिथून उठून दारात कधी आली मला दिसलंसुद्धा न्हाई. घागरीच्या गळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारून ती खाली बसली.

"सोड, पाटला."

"चांगुणे, साहेबांची गाडी हाय. एक घागर दे. साहेब खूश झाले तर टँकर मिळंल. डोकं लाव जरा!"

साहेब जवळ आले. घागरीत डोकावले आन म्हणले, "भरलेली घागर आहे की घरात. आणि तुम्ही म्हणता गावात पाणी नाही." खिशाचं पेन त्यांनी काढलंसुद्धा.

बघा म्हणजे! दिलं तर पाणी हाय म्हणून लिहिणार, आन न्हाई दिलं तर साहेब रुसणार. असा फास मी तर कुठं बघितला न्हाई. मी दाराआडून बाहेर आले. सातव्या महिन्याचं पोट घेऊन सरळ त्या साहेबापुढं उभी राहिले. पहिल्यांदा, सगळ्या गावापुढं.

"साहेब, ती घागर पाऊण कोसावरून आलीया. पहाटं चारला. ही बाई ढकलत आणती. ही काय ती गाडी," मी त्या गाड्याकडं बोट केलं, "तुमच्या कागदात लिहिलेली. बघून घ्या."

साहेबांनी गाड्याकडं बघितलं. कारकूनही आला होता जीपमधून. त्यानं गाड्याकडं बघितलं आन खाली मान घातली. त्याचं तोंड पार उतरलं.

आत्याबाईनं तांब्या भरला, साहेबांच्या हातात दिला. दुसरा गुरुपादप्पाला. तिसरा त्या कारकुनाला. "प्या," म्हणली. "माणसाला मी कधी न्हाई म्हणणार न्हाई."

गुरुपादप्पानं तांब्या रिकामा केला आन हळूच म्हणला, "अव्वा, गाडीला तरी..."

"न्हाई!"

असं ओरडली की झाडावरची पाखरं उडाली. मग तिला थांबता येईना. "न्हाई! पाणी न्हाई! आडात न्हाई, नळात न्हाई, रांजणात न्हाई! समदं संपलं! आईकलं का रं पोरा," ती कारकुनाकडं वळली, "संपलं! लिही, संपलं! वाढलं न्हाई, संपलं!" सगळं आयुष्य ज्या शब्दाला तिनं घरात पाऊल ठेवू दिलं न्हाई, त्यो शब्द तिला गावापुढं ओरडायला लावला या लोकांनी. मला तवा असं वाटलं की या जीपला काडी लावावी.

साहेबांचं तोंड लाल झालं. सरपंच मधी पडले, म्हणले साहेब, बाई अडाणी हाय. साहेब म्हणले, "मग जीप कशी न्यायची आम्ही?"

"झिरा हाय," आत्याबाई म्हणली. "पाऊण कोस. कॅन घेऊन जा. नंबर लागंल."

गुरुपादप्पा कॅन घेऊन गेला. साहेब लिंबाखाली खाटेवर बसले. एक घंटा झाला, दोन झाले. साहेबांनी बूट काढले, रुमाल डोक्यावर टाकला, परत परत घड्याळ बघितलं. जेवणाचा डबा जीपमधी होता, पण चाळीस घरची पोरं भोवती बसलेली, त्यामुळं त्यांना उघडता येईना. तीन घंट्यांनी गुरुपादप्पा आला, गुडघ्यापर्यंत वाळू, कॅन अर्धा. म्हणला, "साहेब, बायांनी अर्धाच भरू दिला. वाटीनं भरावं लागतंय."

साहेबांनी तवर कागद लिहिला होता. रागारागानं, पेन कागदात घुसवून. सरपंचांची सही घेतली आन आत्याबाईपुढं शाईचा डबा धरला.

"अंगठा न्हाई देत," ती म्हणली. "आधी माझी सून वाचंल. मोठ्यानं."

मी वाचलं. चौथीचं वाचन, अडखळत अडखळत. आड कोरडा आहे. नळयोजना बंद आहे. वाहन म्हणजे हाताने ढकलायचा लाकडी गाडा आहे. इथवर बरोबर. आन खाली एक ओळ होती. "पाहणीचे वेळी शासकीय वाहनास पाणी देण्यास ग्रामस्थांनी नकार दिला."

सरपंचांनी कपाळावर हात मारून घेतला. "साहेब, ही ओळ काढा. गावाचं वाटोळं होईल."

"राहू द्या," आत्याबाई म्हणली. "खरं हाय ते. दिलं न्हाई." आन अंगठा उठवला.

जीप गेली. पुढचे आठ दिवस सरपंच आमच्याशी बोलले न्हाईत. बाया झिऱ्यावर म्हणायच्या, आता पाच वर्षं टँकर येत न्हाई. आत्याबाई गाडी ढकलत राहिली. टाचंचं पिकलं, लंगडत ढकलत राहिली. मी घरात पडून राहिले आन पोटावर हात ठेवून दिवस मोजले.

नवव्या दिवशी टँकर आला.

अख्खं गाव धावलं. टँकरवाल्यानं तालुक्याहून मंजुरीचा कागद आणला होता, सरपंचांना द्यायला. सरपंचांनी बघितला, आन काय वाटलं कोण जाणे, त्यो माझ्या हातात दिला. "वाच, सिंधु. तुझ्या सासूला आईकव."

मी वाचलं. मंजुरी. आठवड्यात तीन फेऱ्या. खाली कारण लिहिलं होतं: पाहणीच्या वेळी शासकीय वाहनासही पाणी उपलब्ध होऊ शकले नाही, यावरून सदर गावी टंचाई तीव्र असल्याचे सिद्ध होते.

"अजून काय हाय?" आत्याबाईनं विचारलं.

"एवढंच."

"चाळीस घरांचं?"

"न्हाई."

"तुझ्या पोटाचं? गेल्या सालचं, बाभळीखालचं?"

"त्ये त्यात कसं असंल, आत्याबाई?"

"मी तीन खेपा पायी गेले, त्ये?"

"न्हाई."

तिनं कमरेवरची घागर सावरली. "म्हंजे त्यांच्या गाडीला तहान लागली, तवा खरं झालं," म्हणली. मग टँकरच्या चाकावर थुंकली, आन लंगडत जाऊन रांगेत उभी राहिली.